बाळगोंडाच्या दोन नळ्या

“...मग मिस्त्री, माझ्या गॅरेजची पाटी लावू का नको?”

दस्तगीर मिस्त्री चहात खारी बुडवत होते. ती पुरती भिजेपर्यंत ते कुणालाच उत्तर देत नसत.

बाळगोंडा नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली होता. मिस्त्रींनी ‘जा’ म्हटल्याशिवाय अख्ख्या कोल्हापुरात कुणी त्याच्याकडं सायकलसुद्धा आणली नसती. दबदबाच तसा. एकदा म्हणे मिस्त्रींनी रंकाळ्याच्या या काठावर बसून त्या काठावरच्या मोटारीचा खोकला ऐकला आणि मालकाला निरोप धाडला, तिसरा प्लग बदल. त्यानं बदलला. रंकाळा केवढा आहे हे ज्यांना माहीत आहे, त्यांनी कृपा करून गप्प बसावं.

खारी संपली. मिस्त्रींनी बोट दाखवलं.

शेडमध्ये एक जुनी इंग्रजी मोटार उभी होती. एका इंजिनाला दोन कार्बोरेटर. दोघांनी हवा सारखी ओढली तर इंजिन मांजरीसारखं गुरगुरतं. एकानं जास्त ओढली की लंगडतं.

“जुळव. जुळलं तर लाव पाटी.”

बाळगोंडा हसला. बाकीचे मिस्त्री रबराची एक नळी घेऊन एकदा या कार्बोरेटरचं ऐकत, एकदा त्याचं. यानं डॉक्टरांसारखं यंत्रच केलं होतं. पुढच्या कार्बोरेटरची नळी डाव्या कानात, मागच्याची उजव्या. दोघांचे सुस्कारे एकदम ऐकायचे.

“तुमच्या काळात हे कुठं हुतं, मिस्त्री?”

“न्हवतं बाबा.”

त्यानं दोघांमधला सांधा सैल केला, स्क्रू फिरवले. दोन्ही कानांत सुस्कारा अगदी सारखा झाला.

इंजिन लंगडत होतं.

पुन्हा जुळवलं. पुन्हा सारखा. तिसऱ्यांदा तर बोनेटवर ठेवलेला पाना थरथरत खाली पडला.

“मिस्त्री, इंजिनच खराब हाय हे.”

“असंल.”

“हसताय का?”

मिस्त्री उठले. त्यांनी बाळगोंडाच्या कानांतल्या नळ्या काढल्या. डावीकडची उजव्या कानात घातली, उजवीकडची डाव्या. स्क्रूला हात लावला नाही.

“आता?”

“मागचा गरजाय लागलाय! आणि पुढचा तर मेलाच की... काय केलंसा तुम्ही?”

“मी? काय न्हाई.”

बाळगोंडाचा चेहरा उतरला. पहिली चार वर्षं त्यानं नुसते पत्रे ठोकले होते. उजवा कान पत्र्याकडं करून.

मिस्त्रींनी एक नळी काढून घेतली. उरलेली बाळगोंडानं डाव्या कानाला लावली. पुढच्याचं ऐकलं, मागच्याचं ऐकलं, एक स्क्रू अर्धा आटा मागं घेतला...

इंजिन गुरगुरायला लागलं.

तो मात्र पाने पुसून पेटीत भरत होता.

“ऱ्हाऊ दे मिस्त्री. एका कानानं बहिरा माणूस कशाला पाटी लावतोय.”

“माझा डावा गेलाय. तू जन्मायच्या आधीच.”

“आँ? मग एवढी वर्षं तुम्ही...”

“कुठला गेलाय, ते मला ठाऊक हाय न्हवं.”