भुजंगाने प्रयोगशाळा सांभाळली

एका गावात एक शाळा होती आणि त्या शाळेत एक भोळा शिपाई होता. त्याचं नाव भुजंगा. नाव ऐकून नवीन माणूस दचकायचा, पण एकदा भेटला की हसायला लागायचा. सांगितलेलं काम भुजंगा जीव ओतून करी. सांगितलं असेल तेवढंच, आणि सांगितलं असेल तसंच. आता लोक सांगताना थोडं कमीच सांगतात, त्याला तो तरी काय करणार?

शाळेत एक प्रयोगशाळा होती, पण तिला बरीच वर्षं कुलूप होतं. पूर्वीच्या एका गुरुजींनी पाणी समजून ॲसिडने टेबल पुसलं होतं. टेबलाचं काय झालं ते सांगत नाही, गुरुजींच्या धोतराचं तर मुळीच सांगत नाही. तेव्हापासून मुलं ऑक्सिजन तयार करायची ती वहीत, पेन्सिलीने. मग विज्ञान शिकवायला माळवदेबाई आल्या. त्यांनी वरच्या कचेरीत खेटे घालून घालून कुलूप काढायला लावलं. तिथल्या साहेबांनी अट घातली, "मी स्वतः येऊन बघेन. मुलांच्या जिवाला जरा जरी धोका दिसला तर पुन्हा कुलूप. आणि मग ते कायमचं."

पहिल्या दिवशी बाईंनी निळा कागद ॲसिडमध्ये बुडवला आणि तो लाल झाला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. भुजंगाने त्यांच्यापेक्षा मोठ्याने वाजवल्या. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"बाई," तो म्हणाला, "हितं आता पुन्यांदा कुलूप लागू द्यायचं न्हाई."

"मग मी सांगते तसं वाग," बाई म्हणाल्या. "ज्या बाटलीवर किंवा डब्यावर लेबल नाही, त्यात काय असेल सांगता येत नाही. तसं काही दिसलं की उचलायचं, कपाटात बंद करायचं आणि कुणालाही हात लावू द्यायचा नाही."

"हात्तिच्या! एवढंच ना?" भुजंगा म्हणाला. "न्हाई चुकायचो."

दुपारी जेवणाची सुट्टी झाली. शिक्षकांच्या खोलीत एकालाही डबा सापडेना. मुख्याध्यापक शोधत शोधत प्रयोगशाळेत आले. कपाटापुढे भुजंगा हात पसरून उभा.

"अरे, तो माझा डबा आहे!"

"असंल सर. पर लेबल न्हाई."

"त्यात वांग्याची भाजी आहे!"

"त्या गुरुजींस्नीबी पाणीच वाटलं हुतं, सर."

मुख्याध्यापक उपाशी राहिले. बाईंनी कपाळावर हात मारला. "अरे भुजंगा, लेबल नसेल तर लेबल लावावं! ओळखीचं असेल तर नाव लिहायचं. ओळखीचं नसेल तर लिहायचं, 'अज्ञात पदार्थ. हात लावू नये.'"

"हात्तिच्या! एवढंच ना? न्हाई चुकायचो."

दुसऱ्या दिवशी बाईंनी स्पिरिटचा दिवा पेटवला आणि भुजंगाला वाळूची बादली दाखवली. "धूर दिसला की वाळू ओतायची. विचारत बसायचं नाही."

भुजंगा धूर शोधत बसला. प्रयोगशाळेत काही धूर दिसेना. पण खिडकीतून बाहेर बघतो तर काय, शाळेच्या मागच्या बाजूने भसाभस धूर निघतोय! उचलली बादली आणि पळाला. तिथे शालनबाई मुलांची खिचडी शिजवत होत्या. भुजंगाने विचारलं नाही. चुलीत ओतली. थोडी उरली होती, ती पातेल्यात ओतली.

"मेल्या!" शालनबाई किंचाळल्या. "आता पोरं काय दगडं खात्यात व्हय?"

बाईंनी पुन्हा कपाळावर हात मारला. "अरे भुजंगा, धूर दिसला की आधी विचारावं! हा धूर हवाय का नकोय?"

"हात्तिच्या! एवढंच ना? न्हाई चुकायचो."

तिसऱ्या दिवशी बाई फळ्यापाशी शिकवत होत्या. मागच्या टेबलावर पुसायचं फडकं दिव्यावर पडलं आणि पेटलं. भुजंगा बाईंच्या शेजारी जाऊन अदबीने उभा राहिला. बाईंचं वाक्य संपेना. वाक्य मोठं होतं. ते संपल्यावर त्याने हात वर केला.

"बाई, मागं जाळ झालाय. हवाय का नकोय?"

बाईंनी झेप घेतली, मुलांना बाहेर काढलं आणि स्वतः वाळू ओतली. मग धापा टाकत स्टुलावर बसल्या. "अरे भुजंगा, माणसाचा जीव जाईल ना! संकटात विचारत बसायचं नाही. उद्या कुणाच्या अंगावर ॲसिड सांडलं तर? काही सांडलेलं दिसलं की धो धो पाणी ओतायचं. तो ओरडला तरी ओतत राहायचं."

"हात्तिच्या!" भुजंगा म्हणाला. पुढचं तुम्हाला पाठ झालंच असेल.

आणि साहेबांचा दिवस उजाडला. बाईंना रात्रभर झोप नव्हती. सकाळीच त्यांनी भुजंगाला बाजूला घेतलं. "आज तरी चुकू नकोस रे बाबा. शाळा सुटली की आत एकही मूल राहिलं नाही ना ते नीट बघ. मग कुलूप लाव. आणि किल्ली अशा ठिकाणी ठेव, की मुलांच्या हाती लागणार नाही."

भुजंगा फाटकात जाऊन उभा राहिला. मोटरसायकलवरून एक जाडजूड गृहस्थ उतरले. भुजंगाने त्यांना पुढून पाहिलं, मागून पाहिलं. ओळखीचे काही वाटेनात. मग त्याने खिशातून कागद काढला, डिंक लावला आणि पाठीवर अलगद चिकटवला. 'अज्ञात पदार्थ. हात लावू नये.'

साहेब वर्गावर्गांतून फिरले. मुलं पाठीवरचं वाचायची आणि भिंतीला चिकटून उभी राहायची.

"वा!" साहेब म्हणाले. "काय शिस्त आहे! अंतर ठेवून राहतात मुलं."

बाईंनी ती पाठ पाहिली. कागद काढावा तर साहेबांच्या पाठीला हात कसा लावायचा? तशातच साहेब प्रयोगशाळेत शिरले. मुख्याध्यापकांनी तिथेच चहा आणवला. साहेबांनी घोट घेतला आणि चहा थोडासा, अगदी थोडासाच, शर्टावर सांडला.

धो धो!

"अरे! अरे, काय करतोस?"

धो धो धो!

"बास! बास की!"

"वरडा सायेब, वरडा," भुजंगा मायेने म्हणाला आणि त्याने तिसरी बादली उचलली.

बाईंनी डोळे मिटून घेतले. संपलं, लागलं कुलूप, असं त्यांना वाटलं. रडूच यायचं बाकी होतं. साहेब नखशिखान्त निथळत उभे राहिले. पाठीवरचा कागद गळून पडला. मग साहेबांनी मिशी पिळली.

"दुसऱ्या शाळांत बादल्या बघतो," ते म्हणाले, "तर त्यात कोळ्याची जाळी असतात. इथल्या भरलेल्या आहेत. चहाच्या जागी ॲसिड असतं तर मी वाचलो असतो. बाई, प्रयोगशाळा चालू ठेवा. आता मी इथेच जरा वाळतो."

बाई आनंदाने धावतच मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या. पेढे आणायला माणूस धाडला. शाळा सुटल्याची घंटा झाली. पेढे आले, पण साहेब येईनात. तेवढ्यात प्रयोगशाळेकडून धाडधाड आवाज सुरू झाला. सगळे तिकडे धावले. दाराला हे एवढं कुलूप! खिडकीच्या गजांमागे साहेब, उघडे, हातात ओला शर्ट.

"भुजंगा!" बाई ओरडल्या. "आत साहेब होते ना रे!"

"व्हते की. पर मूल एकबी नव्हतं. टेबलाखाली वाकून बघितलं. सायेबांस्नीबी इचारलं, आत मूल हाय का? ते म्हनले, न्हाई."

"किल्ली आण!"

"हिरीत टाकली. पोरांच्या हाती न्हाई लागायची, बाई."

विहीर खोल होती. शेवटी गावातून लोहार आला. कुलूप फुटेपर्यंत अर्धा गाव जमला. साहेब बाहेर आले ते लालबुंद होऊन, त्या ॲसिडात बुडवलेल्या कागदापेक्षाही लाल. सगळ्या गावादेखत ते गरजले, "या प्रयोगशाळेला पुन्हा कधी कुलूप दिसलं तर याद राखा!"

बाईंना हसावं का रडावं कळेना. ज्याच्यासाठी एवढे खेटे घातले, तेच आता साहेब स्वतः ओरडून सांगत होते. भुजंगा एकटाच गंभीर होता. तो मान हलवत साहेबांचा शब्द न् शब्द ऐकत होता.

सकाळी बाई शाळेत आल्या, तर प्रयोगशाळेत शालनबाईंची शेळी निळे कागद खात उभी. बाईंनी मागे वळून पाहिलं. चौकट होती, दार नव्हतं.

"भुजंगा, दार कुठे आहे?"

"काढलं बाई. दार असलं की कोन तरी कुलूप लावनारच. आता कुनाच्या बापाला लावता यायचं न्हाई."

"अरे, पण ते ठेवलंस कुठे?"

"हिरीत," भुजंगा म्हणाला. "पोरांच्या हाती लागू नये म्हनून."