बिनमाशांची कणगी

एका गावात एक शिंपीण राहत होती. स्वभावाने वाईट नव्हती. फक्त कोणाच्या घरी काय चाललंय हे कळल्याशिवाय तिला घास गोड लागायचा नाही.

एके दिवशी ती विहिरीवर पोचली, तेव्हा पुढे उभी असलेली कुंभारीण दुसऱ्या एका बाईला सांगत होती, “बुरडाच्या कणग्यांमुळे आपल्या आळीत हिवताप…”

तेवढ्यात रहाट करकरला आणि पुढचं त्या आवाजात बुडालं. शिंपीण लगबगीने पुढे गेली, पण तोवर कुंभारीण घागर डोक्यावर घेऊन चालायलाही लागली होती.

या कणग्यांचं असं झालं होतं. गावात एक बुरूड होता. पूर्वी लोक त्याच्याकडून धान्य साठवायला बांबूच्या कणग्या विणून घ्यायचे. मग पत्र्याच्या कोठ्या आल्या आणि कणग्या कोणी विचारेना. बुरडाने डोकं लढवलं. कणगी कमरेइतकीच उंच विणायची, बाहेरून शेणमातीने लिंपायची आणि वीतभर जमिनीत गाडायची, म्हणजे पाण्याच्या भाराने तिचं पोट फुटत नाही. आत आधी जुनी गोधडी, बांबूची कुसळं टोचू नयेत म्हणून. गोधडीवर ताडपत्री. मग पाणी भरून आठ दिवस तसंच ठेवायचं, त्याला जरा हिरवट रंग आला की ओढ्यातले बोटभर मासे सोडायचे. झालं दारातलं तळं. टाकाऊ सामानातलं, त्यामुळे गरिबालाही परवडणारं. बघता बघता आळीतल्या नऊ घरी अशी तळी झाली आणि बुरडाची चूल पुन्हा नीट पेटू लागली.

त्याला ताडपत्र्यांचे तुकडे जोडून द्यायची ती शिंपीणच. म्हणून त्याने तिलाही एक कणगी करून दिली होती. मासे घेऊन आला, तेव्हा शिंपीण म्हणाली, “मासे नकोत हो भाऊजी. घाण करतात. मला आपलं निवळशंख पाणी हवं. एखादं कमळ लावीन.”

बुरूड म्हणाला, “वहिनी, पाणी रिकामं राहत नाही. तुम्ही कोणाला ठेवलं नाहीत, तर दुसरं कोणीतरी न विचारता राहायला येईल.”

“येईल तेव्हा चहा पाजीन त्याला,” शिंपीण म्हणाली आणि हसून आत गेली. बुरडाने मासे परत नेले. कणगी परसात होती, त्यामुळे ती बिनमाशांची आहे हे त्या दोघांशिवाय कोणाला माहीत नव्हतं.

आता शिंपिणीच्या घरी शिंपी चार दिवसांपासून हिवतापाने कुडकुडत होता. शेजारच्या घरी म्हातारी अंथरुणाला खिळली होती. अशा वेळी माणसाला कोणावर तरी ठपका ठेवावासा वाटतो. शिंपिणीने ऐकलेल्या अर्ध्या वाक्याला आपल्या पदरचं ठिगळ लावलं: बुरडाच्या कणग्यांमुळे आपल्या आळीत हिवताप पसरतोय. ठिगळ इतकं बेमालूम बसलं की थोड्या वेळाने तिलाही ते वेगळं दिसेना.

तिने ते कुंभारणीच्या नावाने शेजारणीला सांगितलं, शेजारणीने तेलिणीला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटील कोयते घेतलेली चार माणसं घेऊन बुरडाच्या अंगणात हजर झाले. मागे सगळी आळी.

पाटील म्हणाले, “तुझ्यावर राग नाही रे बाबा. पण माणसं आजारी पडतायत. आधी तुझ्या अंगणातली कणगी फोडू, मग बाकीच्या.”

बुरूड विणत बसला होता. तो उठला. “फोडा. पण मासे आधी ओढ्यात सोडू द्या. त्यांनी कोणाचं काही केलं नाही.” आणि घागर शोधायला आत गेला. वर्षभराची मेहनत मातीत जाणार होती, पण त्याचा आवाज चढला नाही. शिंपिणीला ते पाहवेना.

एवढ्यात कुंभारीण आली. “हे कोणी काढलं?”

“तूच म्हणालीस ना विहिरीवर,” तेलीण म्हणाली.

“मी? मी म्हणत होते, बुरडाच्या कणग्यांमुळे आपल्या आळीत हिवताप शिरला नाही. वरच्या आळीत जाऊन बघा, घरोघरी माणूस पडलंय. तिथे रांजण उघडे, पाणी उघडं, नुसते डास. आपल्याकडे मासे डासांच्या अळ्या खातात. दोन घरी तेवढा ताप कसा आला, ते मात्र मला कळत नाही.”

“आता वाक्य फिरवू नकोस,” मागून कोणीतरी म्हणालं. पाटलांनाही कोणाचं खरं मानावं ते समजेना.

शिंपीण हळूच मागे सरकली आणि घरी आली. परसातल्या कणगीवर वाकून पाहिलं. वरून पाणी कसं आरशासारखं. तिने काशाची वाटी बुडवून वर काढली, तर वाटीत बारीक बारीक अळ्या वळवळत होत्या. न विचारता राहायला आलेले पाहुणे ते हेच.

ती वाटी धरून उभी राहिली. हे पाणी आत्ताच ओतून टाकलं, तर कोणाला काही कळणार नव्हतं. नऊ कणग्या फुटतील, त्यात आपलीही जाईल, आणि गोष्ट तिथेच मिटेल. बुरूड पुन्हा काहीतरी विणेल. पण काय विणेल, आणि घेणार कोण?

तिने वाटीवर पदर धरला आणि परत निघाली.

बुरूड घागर पाण्यात बुडवणार, तोच ती म्हणाली, “थांबा भाऊजी.” तिने वाटी पाटलांना दाखवली आणि बुरडाच्या कणगीत उपडी केली. मासे वर आले. तीन-चार वेळा पाणी हललं आणि वळवळणारं काही उरलं नाही.

“हे पाणी माझ्या परसातल्या कणगीतलं,” शिंपीण म्हणाली. “मासे नकोत, असं मीच म्हटलं होतं. आणि कुंभारणीचं वाक्य मी अर्धंच ऐकलं. उरलेलं माझ्या मनचं.”

मग शेजारणीने विचारलं, “म्हणजे आमच्या म्हातारीला चावले ते तुझ्याकडचे डास?”

“माझ्याकडचेच.”

पाटलांनी कोयतेवाल्यांना घरी पाठवलं. बुरडाने हातातली घागर भरलीच, पण ओढ्याकडे न नेता शिंपिणीच्या परसात नेली. “वहिनी, पाहुण्यांचा चहा झाला असेल, तर आता यांना राहू द्या,” म्हणाला आणि मासे सोडले.

शेजारच्या म्हातारीला शिंपीण ती उठेपर्यंत पेज नेऊन देत होती. आणि ज्या ज्या घरी पहिलं अर्धं वाक्य पोचलं होतं, तिथे जाऊन दुसरं अर्धं सांगत होती. काहींनी ऐकलं. काहीजण अजूनही म्हणतात, “कणग्यांमुळे ताप आला होता.” शिंपीण त्यांना खोटं म्हणत नाही. “आला होता,” म्हणते, “एका कणगीमुळे. ती माझी होती.”

तात्पर्य: अर्धं ऐकलेलं बोलणं पूर्ण करायचं असेल, तर बोलणाऱ्याला विचारावं; आपल्या मनाचं ठिगळ लावलं, तर चूक आपली असते आणि घर दुसऱ्याचं मोडतं.