मोंबासात नाव सांडलेला सुतार

एकदा काय झालं, देवगडच्या अंगाला एक सुतारीण राहायची. मथुरा तिचं नाव. बाळ्या, पाय पांघरुणात घे, नाहीतर मी सांगायची नाही. तर तिचा नवरा दारं कोरायचा. वेली, कमळं, मासे, जे म्हणाल ते लाकडात. एका वर्षी तो गलबतात बसला आणि समुद्रापलीकडे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेला, मोंबासा बंदरात. तिथल्या एका मोठ्या घराचं दार त्याला कोरायचं होतं. पुढच्या वर्षी येतो म्हणाला. तीन वर्षं झाली, त्याचा पत्ता नाही.

मग मथुरानं पदर खोचला आणि इस्माईल तांडेलाच्या गलबतात जाऊन बसली. सासू ओरडली, शेजारणी ओरडल्या. ती कुणाचं ऐकते! महिनाभर पाणी कापत गलबत मोंबासाला लागलं. तांडेल म्हणाला, "वहिनी, वारा फिरायला तीन दिवस आहेत. फिरला की मी शीड सोडणार. मागं राहिलात तर मला बोल लावू नका."

मग काय, मथुरा शिरली गावात, आणि तिथंच तिचं डोकं चक्रावलं. गल्ल्या एवढ्या अरुंद की समोरून गाढव आलं तर माणसानं भिंतीला चिकटावं. घरं उंच, पांढरी. प्रत्येक घराला कोरलेलं दार, दारावर पितळी फुल्या. एका दारापाशी वळावं, तर पुढे तेच दार. ते तेच होतं की दुसरं, ते मला नका विचारू. माझ्या आजीलाही सांगता यायचं नाही.

चौकात एक म्हातारा कॉफीवाला होता. पितळी किटली घेऊन कप वाजवत बसायचा. बंदरातला माणूस तो, आपली भाषा मोडकीतोडकी बोलायचा. मथुरा म्हणाली, आमचे हे हरवलेत. त्यानं विचारलं, नाव काय?

मथुरानं पदर तोंडाला लावला. तेव्हा बायका नवऱ्याचं नाव घेत नसत बरं का. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं सासूनं तिला लग्नातच बजावलं होतं. उखाण्याची वेळ आली तेव्हाही ती उठून पळाली होती, इतकी ती भित्री. म्हणाली, नाव नाही सांगायची. सुतार आहेत, काळेसावळे आहेत, अंगानं बारीक आहेत.

मग म्हाताऱ्यानं बोट दाखवलं. ती गेली. निघाला एक कच्छी सुतार, दात पडलेला. त्यानं बिचाऱ्यानं तिला खजूर दिले. बंदराकडे परत निघाली तेव्हा ऊन उतरलं होतं. आपल्याकडे सूर्य समुद्रात बुडतो ना? ती सूर्याकडे तोंड करून चालत राहिली, चालत राहिली, आणि पोचली कुठं, तर गोरखचिंचांच्या रानात. तिथं समुद्र उगवतीला असतो, हे तिला कोण सांगणार? एक दिवस असा गेला.

दुसऱ्या दिवशी म्हणाली, त्यांची करंगळी वाकडी आहे. मग म्हाताऱ्यानं दुसरी गल्ली दाखवली. तिथं वाकड्या करंगळीचा माणूस होता खरा, पण तो न्हावी. तो तिलाच विचारायला लागला, की तुझा नवरा हरवला तर मी काय करू. मथुरेला वाटलं, आपणच हरवलोय आणि नवरा घरी बसलाय.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, आमचे हे वेलीत एक मासा मुद्दाम उलटा काढतात. मग म्हातारा उठलाच. तिला हाताला धरून एका दारापुढं नेलं. दारावर उलटा मासा, आणि दारापुढं पटाशी घेऊन तिचा नवरा!

त्यानं वर बघितलं. म्हणाला, "बाई, तुम्हाला कुठंतरी पाहिलंय."

मथुरानं म्हाताऱ्याकडे बघितलं. म्हातारा सांगू लागला, की या गावाचं असंच आहे. तीन वर्षं कुणी नावानं हाक मारली नाही की माणसाचं नाव सांडतं. याला सगळे फुंदी म्हणतात, फुंदी म्हणजे कारागीर. नाव नसलेल्याला गल्ल्या बाहेर सोडत नाहीत. हा रोज बंदराकडे निघतो आणि रोज याच दारात येतो. त्याच्या माणसानं नाव घेतलं तरच सुटेल.

मथुरा म्हणाली, अहो. त्यानं मान वर केली नाही. मग म्हणाली, ऐकलंत का. तो ठोकत राहिला. तेवढ्यात बंदरावर शंख वाजला. वारा फिरला होता, तांडेल शीड सोडत होता.

मथुरा रडली. नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होणार, नाही घेतलं तर तो असाच राहणार, स्वतःला परका. मला सांगताना अजून गलबलतं. मग तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "देवा, कमी करायचंच तर माझं कर." आणि मग तिनं जन्मात पहिल्यांदा हाक मारली, "धाकू."

पटाशी थांबली. तो म्हणाला, "ओ. आलो."

मग दोघं धावली. गल्ली सरळ बंदरावर गेली, कशी ते गल्लीलाच ठाऊक. गलबत सुटता सुटता दोघं चढली आणि घरी आली. मथुरा रोज मागच्या दारातून मोठ्यांदा हाक मारायची, धाकू, जेवायला चला. सासूनं कानांवर हात ठेवले. पुढं पुढं तेही सोडून दिलं, कारण धाकू म्हातारा झाला, पार वाकला, तरी रोज ओ देत राहिला. दोघं सुखानं नांदली.

आता डोळे मिटा. मी एकेकाचं नाव घेते, ओ द्यायची. जो ओ देणार नाही, तो झोपला. पमे. श्रीधर. बाळ्या.

बाळ्या?