'जो'च्या अलीकडे

कुमुदताई शिकत होत्या तेव्हा पाचोऱ्याच्या शाळेत एकच इंग्रजी शब्दकोश होता. त्याचा कापराचा वास त्यांना आजही आठवतो. धोंडे मास्तर त्यातून अर्थ लावायला शिकवायचे. "डॉक्टर म्हणजे माणूस, जो आजार बरे करतो. आधी माणूस धरा, मग 'जो'च्या मागे जा."

तपासणीला आलेल्या इन्स्पेक्टर साहेबांना हे रुचलं नाही. "हे 'जो'चं शेपूट कशाला शिकवता, मास्तर? वेळ फुकट घालवतात, असा शेरा मारू का?"

मास्तरांचा चेहरा उतरला. साहेबांनी पहिल्या बाकावरच्या कुमुदला उठवलं. "शेपूट न लावता सांग, इन्स्पेक्टर म्हणजे कोण?"

"माणूस," कुमुद म्हणाली.

"एवढंच? माणूस तर हा पाणी घेऊन उभा असलेला गेनू शिपाईही आहे."

"होय साहेब. तुमच्यात नि गेनूमामांत काय फरक आहे, ते 'जो'च्या पुढे येतं. तेवढंच तुम्ही गाळायला सांगितलंत."

गेनूच्या हातून पेला घेताना साहेबांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. शेरा चांगला पडला.

मास्तर गेले, गेनूमामाही गेले. नातीला कोशातला अर्थ सांगताना कुमुदताई 'माणूस' म्हणून अंमळ थांबतात, मगच 'जो' म्हणतात.