उघडा लाडू, झाकलेलं मडकं

धाडसेन राजाला प्रजेचं धाडस तपासायची भारी हौस. दरबारात ताटात लाडू ठेवायचा आणि शेजारी झाकलेलं मडकं. मडक्यात सोन्याचं कडं असेल, नाहीतर विंचू. दोन्हींतलं एकच उचलायचं. जो लाडू उचलेल तो भित्रा. न्हावी लगेच त्याची अर्धी मिशी उडवायचा. निम्मं गाव अर्ध्या मिशीने फिरत होतं, त्यात गिरजाक्काचा नवराही.

शेवटी गिरजाक्काच दरबारात आली आणि तिने खुशाल लाडू तोंडात टाकला.

"भित्री! उडवा मिशी!" राजा गरजला. न्हावी वस्तरा धरून तिच्या तोंडाकडे बघतच राहिला.

"महाराज, तुम्ही गादी कुठल्या मडक्यातून काढलीत?" गिरजाक्काने विचारलं.

"मडकं कसलं? वडिलांची गादी, ती आम्हालाच मिळणार होती!"

गिरजाक्का न्हाव्याकडे वळली. "म्हणजे यांनीही उघडा लाडूच उचलला! मग माझ्या तोंडावर काय शोधतोस मेल्या? मिशी तिकडे सिंहासनावर आहे."