शेवरीची पावलं

फार पूर्वी, माळरानावर अजून कुंपणं नव्हती तेव्हा, चिंकाऱ्यांच्या कळपात शेवरी नावाची तरुण हरिणी होती. तिच्या लांब उड्यांचं सगळ्यांना कौतुक होतं. एका उन्हाळ्यात तळं आटलं आणि कळप दूरच्या नदीकडे धावत निघाला.

शेवरी उड्या मारत सर्वांच्या पुढे गेली. पण अर्ध्या वाटेत प्रत्येक उडीचा दणका खांद्यापर्यंत जाऊ लागला. ती थांबली. कळप पुढे निघून गेला. तिची गवरीमावशी मात्र मागे फिरली.

“मी इथेच राहते, मावशी. तू जा.”

“बरी राहू देईन तुला. आता उड्या नकोत. पावलं जवळजवळ टाक, हलकी आणि भरभर. माझ्या खुरांचा आवाज ऐकत राहा.”

पाडसासारखं दुडुदुडु पळायची शेवरीला लाज वाटली, तरी ती कान देऊन पळू लागली. मध्येच सवयीने पाऊल लांबायचं, ताल चुकायचा. मग मावशी नुसती “हं” म्हणायची. हळूहळू दोघींच्या खुरांचा एकच आवाज येऊ लागला आणि खांद्याची कळ शेवरी विसरून गेली.

दोघी नदीवर पोहोचल्या तेव्हा कळप पाणी पिऊन विसावला होता.

“सगळ्यांच्या शेवटी आलो ना आपण?” शेवरीने विचारलं.

“आलो,” मावशी म्हणाली आणि नाकाने तिला पाण्याकडे ढकललं.