ऐनाच्या झाडावरची राणी

ही गोष्ट सांगू नकोस, असं कोतवाल पक्ष्याने मला बजावलं होतं. तीत त्याच्या उपासाची हकीकत आहे, आणि त्याला तिची अजून लाज वाटते. तरी सांगते. हळू सांगते.

एका राज्यात भानुसेन नावाचा राजा होता. त्याच्या महालाच्या मनोऱ्यावर मोठा दिवा जळत असे. दिव्यावर झेपावून पडलेले पतंग सेवक सकाळी वेचत आणि नकाशावर प्रत्येकाचा एक ठिपका देत. जीव जिथे सापडला तिथे त्याचा ठिपका, अशी त्या राज्याची रीतच होती. राजाला या नकाशाचा फार अभिमान. एके दिवशी भर दरबारात तो म्हणाला, "माझ्या राज्यातला एकही जीव या नकाशाबाहेर नाही."

दरबारात विघ्नाक्ष नावाचा मांत्रिक बसला होता. तो हसला. त्याने चिमूटभर राख फुंकली, आणि सिंहासनाशेजारी जिथे राणी सुनेत्रा बसली होती तिथे एक पतंग दिसू लागला.

"शोध तुझ्या नकाशात," मांत्रिक म्हणाला. "जो कोणी तिच्यासमोर तिचं कूळ, तिचं घर आणि तिचा मुलूख बरोबर सांगेल, त्याला राणी परत मिळेल. एक उत्तर चुकलं, की ती कायमची पतंग. आणि या पतंगाला तोंड नसतं, राजा. खाणं नाही, पिणं नाही. आठ दिवस जगतो."

राजकन्या कनका खांबाआड उभी होती. ती इतकी लाजाळू, की दरबारात तिचा आवाज कुणी ऐकलाच नव्हता. पण नजर तिची बारीक. पतंग खिडकीत क्षणभर टेकला, तेवढ्यात तिने पाहून घेतलं: पंख तळहाताएवढे, रंग वाळल्या पानाचा, चारही पंखांवर एकेक गोल डाग, आणि त्या डागांतून पलीकडचं निळं आभाळ दिसत होतं. मग पतंग उडाला.

कनका नकाशापाशी गेली. पतंगांचे सगळे ठिपके एकाच जागी होते. महालावर.

"हे सगळे इथेच राहतात?" तिने नकाशाकाराला विचारलं.

"इथेच सापडले, राजकन्ये."

"पण राहतात कुठे?"

"ते आजवर कुणी विचारलं नाही."

ती बाहेर पडली. कुंपणावर कोतवाल पक्षी बसला होता, काळाभोर, दुभंगल्या शेपटीचा.

"पतंग शोधतेस, पोरी? मला विचार. मी रोज खातो."

कनका कुंपणापाशी आली. "कोतवालबुवा, पंखांवर खिडक्या असलेला खाल्लात?"

"आज तरी नाही."

"मग आठ दिवस कुठलाच पतंग खाऊ नका."

"आठ दिवस! मी पक्षी आहे, बैरागी नव्हे."

"त्यांतली एक माझी आई आहे."

कोतवालाने शेपटी मिटली. "बरं," तो म्हणाला. "पण टोळ खाईन. टोळांत तुझं कुणी नाही ना?"

तो पुढे उडाला, ती मागे चालली. पहिलं वन सागाचं. तिथे खोडावर मोठा पतंग बसला होता, पंखांवर डोळे होते. पण डोळे रंगाचे होते, त्यांतून साल दिसेना. ही नव्हे. दुसरं वन आंब्याचं. तिथल्या पतंगाला लांब शेपट्या होत्या. ही नव्हे. तिसरं वन ऐनाचं. मगरीच्या पाठीसारखी साल, आणि डहाळ्यांवर कडक देठांनी टांगलेले राखी कोश, लहान अंड्यांएवढे. कोशांतून नुकते निघालेले पतंग फांद्यांवर पंख वाळवत होते, आणि प्रत्येकाच्या पंखांतल्या खिडकीतून मागची साल दिसत होती. कनका जवळ जाताच सगळे उडाले. एक मात्र उडाला नाही. तो तिच्या बोटावर चढला.

"आई," ती म्हणाली.

तो सहावा दिवस होता. कूळ कळलं, घर कळलं. मुलूख राहिला. आईला खांद्यावर घेऊन कनका कोश पाहत चालू लागली. पश्चिमेला नदी लागली. नदीपलीकडे ऐन नव्हता, कोशही नव्हते. ती मागे वळून पूर्वेला गेली. तिथे राज्याच्या सीमेचा दगड होता. दगडापलीकडे ऐन होता. आणि ऐनावर कोश होते, झाडामागून झाड, नजर पोचेल तिथवर.

कोतवालाने महालात निरोप पोचवला, आणि आठव्या दिवशी दुपारी त्याच दगडापाशी मांत्रिक उभा राहिला. मागून घोड्यावर राजा आला. पतंगाच्या पंखांच्या कडा झिजल्या होत्या. तो आता फडफडतही नव्हता.

"कूळ?" मांत्रिकाने विचारलं.

"ज्याच्या पंखांतून पलीकडचं दिसतं, ते."

"घर?"

"ऐनाचं झाड. अळी त्याचीच पानं खाते, त्यालाच कोश टांगते."

"मुलूख?"

राजा घोड्यावरून ओरडला, "त्यात काय विचारायचं! माझं—"

"महाराज, गप्प बसा!"

कनकाला स्वतःचाच आवाज ओळखू येईना. पण ती बोलत राहिली. "नदीपाशी तिचा मुलूख संपतो. या दगडापाशी संपत नाही. जिथवर ऐन, तिथवर तो आहे. त्यातला पुष्कळसा शेजारच्या राजाच्या राज्यात आहे. आमच्या महालात तर मुळीच नाही."

मांत्रिकाच्या मुठीतली राख गळून पडली. तो मान खाली घालून रानात चालता झाला, आणि दगडावर राणी सुनेत्रा बसलेली दिसली. आठ दिवसांची उपाशी. "कनका," ती म्हणाली, "काही खायला आणलंस का गं?" कोतवालाने लगबगीने एक टोळ पुढे केला. राणीने आभार मानले आणि तो त्यालाच परत दिला.

त्या दिवसापासून मनोऱ्यावरचा दिवा जळला नाही. जुना नकाशा गुंडाळून ठेवला गेला. नवा नकाशा कनकाने काढला, रानारानातून हिंडून. राजाने तो पाहिला, आणि सीमेच्या रेषेवर बोट ठेवून विचारलं, "या पलीकडचे ठिपके कोणाचे?"

"पतंगांचे," कनका म्हणाली.

मग राजाने लेखणी उचलली, शाईत बुडवली, आणि ती सीमेची रेषा स्वतःच्या हाताने खोडायला—

थांबा, माझी आई हाक मारतेय. हो गं आई, आले!